धंदा काय करता? : कामाच्या जागेवरचं आरोग्य आणि आपली कायदेशीर जबाबदारी



आपल्या व्याख्यानमालेत संतसाहित्यावर, नाटकावर, सीमाभागातल्या मराठीवर पुष्कळ बोललं गेलं आहे. होमिओपॅथीच्या डॉक्टरला बोलावलं, तर तो मधुमेहावर किंवा गुडघेदुखीवर बोलेल असा अंदाज असतो. मी विषय वेगळा घेतला आहे. त्याचं कारण या सभागृहातच बसलेलं आहे. तुमच्यापैकी कुणाचा मुलगा उद्यमबागेत किंवा मच्छ्याला वर्कशॉप चालवतो, कुणाचा भाऊ तिथं पाळीला जातो, कुणी तिथून निवृत्त होऊन आता सकाळी जिना चढताना मधल्या पायरीवर थांबतो. या तिघांचंही नातं एका कायद्याशी आहे.

मला सांगायचं आहे ते थोडक्यात असं. कामामुळे जो आजार होतो, त्याची जबाबदारी कुणाची, हे कायद्यानं ठरवून ठेवलं आहे. पण ती जबाबदारी आजारी माणसापर्यंत कागदावरून पोचते. कागद नसेल तर कायदा असूनही नसल्यासारखा होतो. आणि त्या कागदाची सुरुवात एका साध्या प्रश्नानं होते : धंदा काय करता?

हा प्रश्न वैद्यकात आणला तो बेर्नार्दिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्यानं. कामगारांच्या रोगांवरचा त्याचा ग्रंथ १७०० साली निघाला, सुधारलेली आवृत्ती १७१३ साली. रोग्याला वैद्यानं जे प्रश्न विचारायचे, त्यांत त्यानं व्यवसायाच्या प्रश्नाची भर घातली. आमच्या शास्त्राचे जनक हानेमान यांनीही ‘ऑर्गेनॉन’च्या पाचव्या सूत्रात रोग्याच्या व्यवसायाची चौकशी करायला सांगितलं आहे. म्हणजे हा प्रश्न कोणत्या एका पॅथीचा नाही. तरीही केसपेपरावर ‘व्यवसाय’ या रकान्यात बहुतेक वेळा ‘नोकरी’, ‘शेती’, ‘घरकाम’ एवढंच लिहिलेलं सापडतं.

आता आपल्याच गावचा धंदा घेऊ. बेळगावची फौंड्री. इथलं ओतकाम मोटारींना, पंपांना, व्हॉल्व्हना लागतं, आणि या धंद्यावर हजारो घरं उभी राहिली आहेत याचा आपल्याला अभिमान आहे, असावाही. फौंड्रीत साचा करतात तो वाळूचा. वाळूत बेंटोनाइट आणि कोळशाची पूड कालवतात, ओलसर मिश्रण दाबून साचा बसवतात, त्यात वितळलेलं लोखंड ओततात. तोवर वाळू ओली असते, धूळ कमी. त्रास पुढे सुरू होतो. ओतीव भाग थंड झाला की साचा फोडतात, त्याला नॉक-आउट म्हणतात. भाजून कोरडी झालेली वाळू तेव्हा उधळते. मग फेटलिंग, म्हणजे ओतीव भागाला चिकटलेली वाळू आणि जादा लोखंड ग्राइंडरनं घासून काढणं. इथली धूळ सर्वांत वाईट, कारण ग्राइंडर वाळूच्या कणाचे आणखी बारीक तुकडे करतो.

वाळू म्हणजे मुख्यतः सिलिका. डोळ्यांना दिसते ती धूळ नाकात, घशात अडते, थुंकीवाटे जाते. दगा देते ती न दिसणारी. आपल्या केसाची जाडी साधारण सत्तर मायक्रॉन धरा. दहा मायक्रॉनहून लहान, त्यातही पाचाच्या आतले कण थेट फुप्फुसाच्या शेवटच्या फुग्यांपर्यंत जातात. तिथल्या संरक्षक पेशी त्यांना गिळतात, पण पचवू शकत नाहीत, मरतात, आणि त्या जागी वण तयार होतो. असे हजारो वण झाले की फुप्फुस ताठर होतं. याला सिलिकोसिस म्हणतात. नेहमीच्या प्रकारात तो दहा-पंधरा वर्षांच्या धुळीनंतर दिसतो, आणि काम सोडल्यानंतरही वाढू शकतो. गेलेलं फुप्फुस परत आणणारा उपाय कोणत्याही पॅथीत नाही. आमच्या पेटीत सिलिशिया नावाचं औषध आहे, म्हणून कुणी मला विचारतात, ‘डॉक्टर, वाळूवर वाळूचीच मात्रा चालेल ना?’ चालत नाही. गोड गोळ्यांनी फुप्फुसातली वाळू विरघळेल असं जो सांगतो, तो फसवतो, मग त्याच्या पाटीवर कोणतीही पदवी असो. हा रोग बरा करता येत नाही, पण होऊ न देणं पूर्णपणे शक्य आहे. म्हणूनच इथं औषधापेक्षा कायद्याचं महत्त्व जास्त.

सिलिकोसिसचा आणखी एक घात असा, की तो क्षयाच्या आड लपतो. खोकला, दम, वजन उतरणं, एक्स-रेमध्ये वरच्या भागात डाग : चित्र क्षयासारखंच. शिवाय सिलिकोसिसच्या रोग्याला खरा क्षय होण्याचा धोका इतरांपेक्षा बराच जास्त. त्यामुळे क्षयाचे उपचार सुरू असतील तर ते कुणीही थांबवू नयेत. पण उपचार पुरे होऊनही दम तसाच राहिला, तर धूळ आठवली पाहिजे.

माझ्याकडे येणाऱ्या एका गृहस्थांचं उदाहरण देतो. वय पन्नाशीच्या आत. क्षयाचे दोन कोर्स झालेले, दोन्ही वेळा थुंकीत जंतू सापडले नव्हते. धंदा विचारला तर म्हणाले, “काय नाही ओ डॉक्टर, घरीच असतंय.” त्याच्या आधी? “शेतात.” त्याच्याही आधी? “बारा वर्सं फौंड्रीत होतो की. गिराइंडरवर.” छातीच्या तज्ज्ञांकडे पाठवलं, त्यांनी निदान पक्कं केलं. पुढचा प्रश्न कागदाचा होता. नेमणुकीचं पत्र नाही. पगाराची पावती नाही, दर शनिवारी पाकीट मिळायचं. ईएसआयचं कार्ड नाही. त्या फौंड्रीत हजेरीपटावर त्यांचं नावच नव्हतं, कारण ते ‘ठेकेदाराचे’ होते, आणि ठेकेदार गाव सोडून गेलेला. बारा वर्षं त्यांच्या फुप्फुसात नोंदली गेली आहेत, कागदावर कुठंच नाहीत. आज ते घरी ऑक्सिजनवर आहेत आणि बायको दुसऱ्यांच्या घरी भांडी घासते.

या माणसासाठी कायदा नव्हता का? होता. एकदा त्याचा इतिहास पाहू.

आपल्याकडचा पहिला कारखाना कायदा १८८१ चा. तो शंभर किंवा जास्त कामगारांच्या कारखान्यांपुरता होता. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत १८८४ साली गिरणी कामगारांची सभा भरवून मागण्या मांडल्या. १८९० मध्ये रविवारची सुटी मिळाली, १८९१ च्या दुरुस्तीनं शंभराचा आकडा पन्नासवर आला. १९२२ मध्ये तो वीस झाला. स्वातंत्र्यानंतरच्या १९४८ च्या कायद्यानं, विजेवर चालणाऱ्या कारखान्यासाठी तो दहावर आणला. या कायद्याचं चौदावं कलम धुळीबद्दल होतं : धूळ श्वासात जाऊ नये अशी परिणामकारक व्यवस्था करायची, आणि धूळ ओढणारं यंत्र लागत असेल तर ते धूळ जिथं उडते त्याच्या शक्य तितक्या जवळ बसवायचं. छताला एक पंखा लावून हे कलम पाळल्यासारखं होत नाही.

डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळ झालं. त्यानंतर १९८७ च्या दुरुस्तीनं कारखाना चालवणाऱ्यावर कामगारांच्या आरोग्याचं सर्वसाधारण कर्तव्य स्पष्ट शब्दांत आलं. धोकादायक प्रक्रियांसाठी स्वतंत्र प्रकरण आलं. त्या उद्योगांच्या यादीत लोखंडाच्या फौंड्री आहेत. अशा ठिकाणी कामावर घेण्यापूर्वी वैद्यकीय तपासणी, मग बारा महिन्यांच्या आत पुन्हा तपासणी, तिची नोंद, आणि ती नोंद कामगाराला पाहू देणं, हे सगळं मालकाकडे आलं.

जानेवारी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ॲस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात याहून पुढचं पाऊल टाकलं. काम करतानाच नव्हे तर निवृत्तीनंतरही आरोग्य आणि वैद्यकीय मदत हा कामगाराच्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं सांगितलं. आणि प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद नोकरी सुरू झाल्यापासून चाळीस वर्षं, किंवा काम सुटल्यानंतर पंधरा वर्षं, यांतलं जे उशिराचं असेल तोवर जपायला लावली. चाळीस वर्षं कशासाठी? कारण न्यायालयाला कळलं होतं की धुळीचे आजार उशिरा दिसतात. कागदाचं आयुष्य रोगापेक्षा मोठं असावं लागतं.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून हे जुने कायदे जाऊन नव्या संहिता लागू झाल्या. आपल्या विषयाची ती व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२०. तिच्यात चांगलं काय? दहा किंवा जास्त कामगारांच्या जागेत, इजा किंवा व्यवसायजन्य रोग होईल असा धोका राहू नये, हे मालकाचं कर्तव्य. ठरवलेल्या वयाच्या वा वर्गाच्या कामगारांची वर्षातून एकदा मोफत तपासणी. प्रत्येकाला नेमणुकीचं पत्र. आपल्या जागेच्या धोक्याची माहिती मागण्याचा कामगाराला हक्क, आणि धोका दिसला तर तो वरिष्ठांच्या नजरेस आणण्याचा हक्क. कामगाराचीही कर्तव्यं आहेत : दिलेली साधनं वापरायची, सुरक्षेच्या वस्तूंशी खेळ करायचा नाही. कर्तव्य मोडल्यामुळे मृत्यू झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान पाच लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. आणि त्या दंडातला निम्मा किंवा जास्त भाग वारसांना देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकतं.

काळजीचं काय? ‘कारखाना’ म्हणवण्याचा आकडा विजेवर चालणाऱ्या जागेसाठी दहावरून पुन्हा वीसवर गेला आहे. शंभर, पन्नास, वीस, दहा, आणि पुन्हा वीस. धोकादायक कामाच्या बाबतीत सरकार अधिसूचना काढून ही संख्येची अट बाजूला ठेवू शकतं, ती तरतूद संहितेत आहे. पण ग्राइंडर घेऊन बसलेल्या सात जणांच्या शेडमध्ये धूळ काही डोकी मोजून उडत नाही. लहान शेडच्या मालकानं आकड्याचा आधार शोधू नये, एवढीच माझी विनंती. कारण नुकसानभरपाईचा कायदा वेगळा आहे. १९२३ पासून तो आहे, आता सामाजिक सुरक्षा संहितेत आला आहे, आणि सिलिकोसिस त्याच्या रोगांच्या यादीत आहे.

आता उद्योजक मंडळी नेहमी जी तीन उत्तरं देतात, त्यांच्याकडे वळतो. तुम्ही ती ऐकली असतील, कदाचित दिलीही असतील.

पहिलं उत्तर : ‘तो ठेकेदाराचा माणूस.’ भरपाईचा कायदा असं म्हणतो, की तुमच्याच धंद्याचा भाग असलेलं काम तुम्ही ठेक्यानं करवून घेत असाल, तर कामगार भरपाई थेट तुमच्याकडे मागू शकतो. तुम्ही ती नंतर ठेकेदाराकडून वसूल करा. मधला माणूस पळाला तरी जबाबदारी पळत नाही.

दुसरं : ‘मास्क दिला होता, त्यानंच लावला नाही.’ कोणता मास्क दिला? रुमाल किंवा साधा कापडी मास्क सिलिकेचा बारीक कण अडवत नाही. भारतीय मानक ९४७३ चा, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क हवा, आणि तो वेळेवर बदलायला हवा. तोही शेवटचा उपाय. आधी पाणी मारून धूळ बसवा, मग यंत्रानं ओढून घ्या, फेटलिंगची जागा वेगळी करा, झाडूऐवजी व्हॅक्यूम वापरा. हे सगळं करून जे उरेल त्यासाठी मास्क. शिवाय कामगारानं मुद्दाम नियम मोडला हा बचाव, मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर भरपाईच्या दाव्यात चालत नाही.

तिसरं : ‘परवडत नाही.’ ईएसआयमध्ये मालकाचा वाटा पगाराच्या सव्वातीन टक्के, कामगाराचा पाऊण टक्का. दहा किंवा जास्त कामगार असतील आणि पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत असेल, तर ही नोंदणी सक्तीचीच आहे. व्यवसायजन्य रोगाचा लाभ तीत येतो. महिना पंधरा हजार पगाराच्या माणसामागे मालकाला ४८७ रुपये ५० पैसे पडतात. वर उल्लेख केलेल्या गृहस्थांच्या घरात आज एवढे पैसे वाचवून किती गेले, याचा हिशेब तुम्हीच करा.

कागदाचं मोल किती, हे आपल्या ओळखीच्या प्रदेशातलं उदाहरण सांगतं. इंदूर आणि बडोदा ही दोन्ही मराठी माणसांची जुनी गावं. त्यांच्या मधल्या पट्ट्यात मध्य प्रदेशातले झाबुआ, अलिराजपूर हे आदिवासी जिल्हे आणि गुजरातेतलं गोध्रा येतं. गोध्र्याकडे गारगोटीचा दगड दळण्याचे कारखाने. तिथं मजुरीला गेलेले आदिवासी काही थोड्या वर्षांतच दम लागून गावी परतले आणि मेले. भट्टीच्या कामगाराला पंधरा वर्षं लागतात, तिथं दोन-चार पुरली, कारण धूळ तितकी दाट होती. कुणाकडेच नेमणुकीचं पत्र नव्हतं. कार्यकर्त्यांनी गावोगाव जाऊन याद्या केल्या, राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानं शिफारस केली, आणि अखेर मे २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी तीन लाख रुपये द्यायला गुजरात सरकारला सांगितलं. मालकांनी जो कागद ठेवायला हवा होता, तो मेल्यानंतर परक्यांना तयार करावा लागला. राजस्थाननं २०१९ मध्ये धोरण आणलं : सिलिकोसिसचं प्रमाणपत्र मिळाल्यावर तीन लाख, मृत्यूनंतर कुटुंबाला दोन लाख. तिथंही सगळं अडतं किंवा सुटतं ते प्रमाणपत्रावर.

मी जैन आहे, आणि बेळगाव-कोल्हापूरकडच्या जैनांपैकी अनेकांचे कारखाने आहेत. तेव्हा माझ्या घरच्यांना दोन शब्द सांगायचा मला अधिकार आहे. आपल्या शास्त्रकारांनी गृहस्थाला उद्योगी हिंसा पूर्णपणे टळत नाही हे मान्य केलं आहे. भट्टी पेटवली तर जीव जाणारच. पण तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना उमास्वातींनी मूळ बोट ठेवलं ते प्रमादावर, म्हणजे बेसावधपणावर. आणि अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत अतिभारारोपण आहे, आश्रितावर त्याला न पेलणारा भार घालणं. सूर्यास्तानंतर न जेवणाऱ्या आणि पाणी गाळून पिणाऱ्या माणसानं आपल्या शेडमधली हवा गाळायची तेवढी विसरावी, हे कसं बसतं? कायदा ज्याला निष्काळजीपणा म्हणतो, त्यालाच आपण प्रमाद म्हणतो. फरक एवढाच, की कायदा पुरावा मागतो.

आता शेवटी, कुणी काय करायचं ते क्रमानं सांगतो.

तुम्ही कारखानदार असाल, तर उद्या हजेरीपट उघडा. शेडमध्ये प्रत्यक्ष काम करणारा प्रत्येक माणूस त्यात आहे का पाहा. प्रत्येकाला नेमणुकीचं पत्र द्या, त्यात ‘हेल्पर’ न लिहिता नेमकं काम लिहा : मोल्डिंग, नॉक-आउट, फेटलिंग. कामावर घेताना छातीचा एक्स-रे आणि फुंकण्याची चाचणी, म्हणजे स्पायरोमेट्री, करून घ्या. ती नोंद तुमचंही रक्षण करते. आधीच आजारी असलेला कामगार कोणता आणि तुमच्याकडे आजारी झालेला कोणता, हे तिच्याशिवाय तुम्ही तरी कसं दाखवणार?

तुम्ही कामगार असाल किंवा तुमच्या घरात कुणी असेल, तर एक साधी वही करा. कोणत्या फौंड्रीत, कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत, कोणतं काम, सोबत कोण होतं. पगाराची पावती, पीएफचा क्रमांक, ईएसआयचं कार्ड, जुने एक्स-रे एका पिशवीत ठेवा. घरपट्टीच्या पावत्या जपतो तशा जपा. भरपाईच्या दाव्याला साधारण दोन वर्षांची मुदत असते, म्हणून निदान झाल्यावर थांबू नका. तक्रार कारखाने व बॉयलर खात्याकडे करता येते, आणि ती कुणी केली हे निरीक्षकानं गुप्त ठेवायचं असतं.

डॉक्टर बंधूंसाठी : व्यवसायजन्य रोगाचा संशय आला तर कारखाने खात्याच्या मुख्य निरीक्षकाला लेखी कळवणं हे १९४८ च्या कायद्यानं आधुनिक वैद्यकाच्या डॉक्टरांवर बंधनकारक केलं होतं, नव्या संहितेतही ते आहे. आम्हा होमिओपॅथीवाल्यांची, आयुर्वेदवाल्यांची नावं त्या कलमात येत नाहीत. पण गरीब कामगार पहिल्यांदा येतो तो बहुधा आमच्याच दारात. रोग्याचा पूर्ण कामाचा इतिहास लिहून, तारखेसह, त्याला छातीच्या तज्ज्ञाकडे पाठवण्यापासून आम्हाला कुणी अडवलेलं नाही. ती चिठ्ठी पुढे पुरावा ठरू शकते.

आणि जे यांपैकी कुणीच नाहीत, त्यांच्यासाठीही जबाबदारी आहे. तुमच्या सोसायटीची सेप्टिक टाकी साफ करायला सुरक्षा साधनांशिवाय माणूस आत उतरवणं हा २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे. असा माणूस गुदमरून मेला तर वारसांना तीस लाख द्यावेत असं सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितलं. कमिटीच्या बैठकीत ‘दोनशे रुपये जास्त दे आणि उतरव त्याला’ असं कुणी म्हणालं, तर तिथंच उठून नाही म्हणा.

आपण मराठी माणसं सीमाभागात कागदाचं मोल जाणतो. शाळेचा दाखला, सात-बारा, जनगणनेतली नोंद, यांवर आपण पिढ्यान् पिढ्या भांडलो आहोत. कुणी कुठं आणि काय काम केलं ही नोंदसुद्धा त्याच तोलाची आहे. आज घरी गेल्यावर घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, तरुणपणी नेमकं काय काम करत होतात, कुठं, किती वर्षं. आणि ते सांगतील ते वहीत तारखेसह लिहून ठेवा.